शरीराची सफाई आणि पेजेची वाटी

वार्तापत्रासाठी पालकांनीही काही लिहावे, असे पालक-शिक्षक संघाच्या सभेत ठरले तेव्हा मी मुद्दामच मान खाली घातली होती. एक तर मला लिहिण्याची सवय नाही. दुसरे म्हणजे जे सांगायचे आहे, त्यात चूक माझीच आहे. पण तीच चूक दुसऱ्या कुणाच्या घरी होऊ नये, म्हणून हे चार शब्द.

मे महिन्यात आमच्याकडे लग्नेच लग्ने होती. जूनमध्ये वजन केले तर चार किलो वाढलेले. त्याच सुमारास नात्यातल्या एका बाईंनी फोनवर ‘सात दिवसांचा डिटॉक्स’ असा एक तक्ता पाठवला. शरीरात साठलेली विषारी द्रव्ये सात दिवसांत धुऊन निघतात, असे त्यात लिहिले होते. रोज सकाळी हिरवा रस, एक दिवस नुसती फळे, एक दिवस नुसत्या कच्च्या भाज्या. भात, चपाती, कडधान्ये, दूध, मासे, मीठ सगळे बंद. मी तुयेहून थेट म्हापशाचा शुक्रवारचा बाजार गाठला आणि किवी, ब्रोकोली, लाल-पिवळी ढोबळी मिरची असे नऊशे रुपयांचे सामान आणले. त्याच बाजारात गावच्या बायका तायकिळ्याच्या जुड्या आणि फागलां घेऊन बसल्या होत्या. त्यांच्यासमोर मी थांबलेसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी दुधीचा रस होता. मी दुधी किसत असताना सासूबाईंनी विचारले, “चाखून बघितलंस का गे?” मी म्हटले, “रसाला काय चाखायचं?” त्यांनी एक चकती काढून जिभेला लावली आणि लगेच थुंकली. “कडू जहर! टाकून दे.” काकडी असो, दोडके असो, आधी एक चकती चाखायची, ही त्यांची जुनी सवय. मला मात्र वीस रुपयांचा दुधी फुकट गेल्याचेच वाईट वाटले.

पाचव्या दिवशी सकाळी नऊच्या आधीच शाळेतून फोन आला. नववीत शिकणारी माझी मुलगी प्रार्थनेला उभी असताना चक्कर येऊन पडली होती. शिक्षकांनी तिला सावलीत झोपवून पाणी दिले होते. आम्ही तिला सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरबाईंनी विचारले, “बाय, सकाळी काय खाल्लंस?” ती गप्प. पुन्हा विचारल्यावर म्हणाली, “आई जे पिते तेच.”

चार दिवस ती माझ्या मागे उरलेला रस पिऊन शाळेत जात होती आणि डबा मैत्रिणींना वाटत होती. स्नेहसंमेलनाच्या नाचासाठी तिला बारीक व्हायचे होते. मी तिला एका शब्दानेही तसे सांगितले नव्हते. सांगण्याची गरजच नव्हती, ती रोज बघत होती. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन साडेनऊ. या वयाच्या मुलींत ते निदान बारा हवे. म्हणजे कमतरता आधीपासूनच होती आणि माझ्या तक्त्याने तिच्यावर कळस चढवला. २०१९-२० च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ३९ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे दिसले होते. तेव्हा ही गोष्ट केवळ माझ्या घरची नाही.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी आम्हा दोघींना समोर बसवून समजावले. आपली दोन मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातले बहुतेक सगळे शरीर परत घेते आणि एक-दोन लिटर लघवीवाटे जाते. दीड किलोचे यकृत औषधे, मद्य आणि अन्नातले नको ते पदार्थ निकामी करत असते. ही सफाई रोज, न सांगता चालते. रस प्याल्याने ती जास्त जोरात होते, असा भक्कम पुरावा नाही. सात दिवसांत जे वजन उतरते त्यात बरेचसे पाणीच असते आणि नेहमीचे जेवण सुरू झाले की ते परत येते. मधुमेहाची गोळी घेणाऱ्याने असा प्रयोग मनाने केला, तर साखर एकदम खाली जाऊन जिवावर बेतू शकते.

दुधीची गोष्ट सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “सासूबाईंचे पाय धरा.” २०१० साली दिल्लीत कडू दुधीचा रस प्याल्याने एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला होता. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी कडू लागणारा दुधीचा रस अजिबात पिऊ नये, असे बजावले. घरच्या झाडाचे म्हणून सगळेच निर्धोक असते असेही नाही. आपण आमटीत दोन-चार बिमलां घालतो, त्याने काही होत नाही. पण केरळमध्ये कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी बिमलांचा दाट रस प्यालेल्या काही लोकांची मूत्रपिंडे निकामी झाल्याची नोंद २०१३ साली वैद्यकीय नियतकालिकात आली. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी करमलही खाऊ नये.

उपवास किंवा निसर्गोपचार वाईट, असे मला म्हणायचे नाही. गांधीजींनी १९४६ साली पुण्याजवळ उरुळी कांचनला निसर्गोपचाराचे काम सुरू केले आणि तिथला आश्रम आजही चालू आहे. आपल्या पेडणे तालुक्यात धारगळला डिसेंबर २०२२ पासून अखिल भारतीय आयुर्वेद संस्था आहे. पण अशा ठिकाणी आधी माणूस तपासतात आणि मग पथ्य ठरवतात. माझ्या तक्त्याला माझे वय ठाऊक नव्हते आणि माझ्या मुलीचे रक्तही.

मग आता आम्ही काय निवडतो? मुलीच्या लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चालू आहेत. सकाळी नाचणीचे तिझण. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. सुट्टीच्या दिवशी दहा वाजता उकड्या तांदळाची पेज आणि सोबत भाजी. दुपारी तांबडी भाजी किंवा मोड आलेले मूग आणि वर लिंबू, कारण लिंबातल्या क जीवनसत्त्वाने लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा मात्र नाही, त्याने लोह कमी शोषले जाते. आठवड्यातून दोनदा कुळथाची पिठी. पावसात तायकिळा, अळू, फागलां आणि डोंगरावरची काकडी. श्रावणात मासे बंद असतात, तेव्हा कडधान्ये वाढवतो. कमी केले ते फरसाण, बाटलीतली थंड पेये आणि बेकरीचा माल. मी रोज अर्धा तास चालते. चार महिन्यांत माझे अडीच किलो उतरले. सात दिवसांत नव्हे.

पालकांना एवढीच विनंती, की घरात पथ्य सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा आणि मुलांचा डबा खरोखर कोण खाते ते बघा. विद्यार्थी मित्रांनो, चक्कर येत असेल, दम लागत असेल तर लपवू नका, बाईंना सांगा. आणि व्यवस्थापन समितीने वर्षातून एकदा मुलींच्या हिमोग्लोबिनची तपासणी शाळेत करता येईल का, याचा विचार करावा. हवी ती मदत करायला आम्ही पालक तयार आहोत.

मुलीचे हिमोग्लोबिन आता साडेअकरा आहे. स्नेहसंमेलनात ती नाचणार आहे. परवा काकडी चिरताना तिने आधी एक चकती काढली, चाखली आणि आजीकडे बघून मान हलवली. तेवढ्यावर सासूबाई हसल्या.

— एक पालक, तुये