मावशीला न सांगितलेली गोष्ट

मावशीनं हौसेनं दिलेली कुंडी मी आठवड्याभरात रिकामी केली होती. दहा वर्षं झाली, तिला ते सांगितलेलं नाही. भेटली की विचारते, "माझ्या छत्र्या कशा आहेत गं?" आणि सुरुवातीची दोन वर्षं मी धडधडीत खोटं बोलत होते, "छान आहेत."

कुंडीत अम्ब्रेला पाम होता. नर्सरीवाले पाम म्हणतात, पण तो मूळचा आफ्रिकेकडचा, लव्हाळ्याचा सख्खा भाऊबंद. घरी आणल्यावर त्याचा दांडा सहज दोन बोटांत धरून फिरवला, धारा बोटांना लागल्या आणि मन विटलं. गवताचा दांडा गोल, पेरं असलेला, बहुधा पोकळ. लव्हाळ्याचा तिधारी आणि आतून भरीव. आमच्या उसाच्या रानात लहानपणी खुरपायला बसले तेव्हापासून बोटांना हे ठाऊक आहे. हराळी आणि लव्हाळा ही नावं घरात कर्जासारखी घेतली जायची. पातं हातात यायचं, गाठ खालीच राहायची, आठवड्यात रान पुन्हा हिरवं. जमिनीत त्या गाठींची माळच असते आणि ती तुटली की निजलेल्या गाठीही फुटतात, हे फार उशिरा कळलं. आईचे हात सोलवटून निघालेले मी पाहिले होते. ते झाड माझ्या अंगणात नको होतं. उपटून मागे धुण्याच्या दगडापाशी टाकलं.

तिथे कायम ओल. जास्वंद कुजली, गुलाब दोनदा गेला. तिसऱ्या वर्षी एप्रिलात पाण्याची टंचाई होती, पुढची बाग करपली होती, आणि मागे धुण्याच्या पाण्यावर छातीएवढ्या छत्र्या उभ्या होत्या. मी नुसती पाहत राहिले.

मग नीट बघायला लागले. छत्रीच्या काड्या म्हणजे पानं नव्हेतच, ती फुलोऱ्याखालची छदं. खरी पानं बुडाशी तपकिरी आवरणापुरती उरलेली. अन्न करायचं काम बरंचसं तो हिरवा दांडाच करतो. त्याला फार काही लागत नाही. मुळाशी पाणी हवं, दुपारच्या उन्हाला थोडी सावली हवी. कोरडं पडलं की टोकं लगेच तपकिरी होतात. पिवळा दांडा मधेच छाटू नये, बुडापासून कापावा, म्हणजे नवे कोंब जोमानं येतात. दोन-तीन वर्षांनी गड्डा कुंडीला दाटतो. तो पावसाच्या तोंडाशी सुरीनं फोडून वेगळा लावायचा. टबात ठेवलात तर गप्पी मासे सोडा, नाहीतर डास होतील.

रोप करायची तऱ्हा मला सगळ्यांत आवडते. छत्री दोन-तीन इंच दांड्यासकट कापायची, काड्या निम्म्या छाटायच्या आणि पातेल्यातल्या पाण्यात उलटी, डोकं खाली करून सोडायची. दोन-तीन आठवड्यांत मधोमध पांढरी मुळं सुटतात आणि त्यांच्याशेजारून पोपटी कोंब वर वळतो. दरवेळी मी सकाळचा चहा घेऊन त्या पातेल्यापाशी बसते.

लव्हाळ्याशी वैर संपलं, असं मात्र म्हणणार नाही. तुळशीच्या कुंडीत तो दिसला तर आजही गाठीसकट काढते, आणि काढायलाच हवा. पण एका तणावरचा राग मी त्याच्या सगळ्या कुळावर काढला, ही माझी चूक. त्या कुळात पाच हजारांहून जास्त जाती आहेत. इजिप्तमध्ये ज्यापासून कागद करत तो पपायरसही त्यातलाच. आणि रानातल्या त्याच गाठी आई धुऊन, वाळवून दिवाळीच्या उटण्यात घालायची. नागरमोथा म्हणून तो वास मला जिवापाड आवडायचा. दोन्ही एकच, हे माहीत असूनही मी कधी जोडून पाहिलं नाही.

मावशीच्या गॅलरीतली तिची स्वतःची कुंडी गेल्या उन्हाळ्यात वाळली. तिला आता पाण्याची बादली उचलवत नाही. पातेल्यात तीन छत्र्या उलट्या घातल्या आहेत, दोघींना मुळं सुटली आहेत. रविवारी घेऊन जाईन. आधी कुंडीचं सांगेन, मग रोप हातात देईन.