कांटे आणि तारा

मोटार हांकणाऱ्या मनुष्याची दृष्टि रस्त्याकडे असावी हें योग्यच. परंतु समोरच्या तबकड्यांकडे दिवसांतून एकदांही न पाहणारे चालक आम्हीं इतके पाहिले आहेत कीं, त्या तबकड्या कारखानदार केवळ शोभेकरितां बसवितो अशी त्यांची समजूत असावी. हल्लींच्या गाड्यांनीं ही समजूत अधिकच दृढ केली आहे. कांटा गेला आणि तांबडा दिवा आला. आतां दिव्याच्याही जागीं कांचेचा झगझगीत पडदा आला आहे. बिघाड होऊं घातला आहे हें सांगणारा कांटा आणि बिघाड झाला हें सांगणारा दिवा यांत, नाडी पाहणारा वैद्य आणि पंचनामा करणारा फौजदार यांच्याइतकें अंतर आहे. आम्ही वैद्याच्या पक्षाचे आहों, आणि पुढील हकीकत सांगण्याचें कारणही तेंच.

आमचे ज्येष्ठ बंधु १९७१ सालीं अमेरिकेंत मिशिगन संस्थानांत गेले. १९६५ सालच्या कायद्यानें आशियांतील सुशिक्षितांस तिकडील दार उघडलें होतें व त्यांतून जी पहिली मंडळी गेली तींत ते होते. १९७३ च्या ऑक्टोबरांत अरब राष्ट्रांनीं तेलाची कोंडी केली. पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, आणि ज्या गाड्यांसाठीं तरुण मंडळी वेडी झाली होती त्या मातीमोलानें विकल्या जाऊं लागल्या. त्या संधीस बंधूंनीं १९७४ सालीं १९६८ ची एक डॉज चार्जर घेतली. ३८३ घन इंचांचें, आठ सिलिंडरांचें एंजिन! या जातीच्या गाड्यांस तिकडे ‘मसल कार’ म्हणतात. आपण त्यांस पैलवानी मोटारी म्हणूं. मध्यम बांध्याच्या गाडींत मोठ्या गाडीचें एंजिन घालण्याची ही चाल १९६४ च्या पाँटिॲक जी. टी. ओ.पासून बोकाळली. पुण्याच्या पेठेंत सायकलवर वाढलेल्या, स्वभावानें अत्यंत मितव्ययी अशा गृहस्थानें हा पैलवान दारांत कां आणून बांधला, याचें समाधानकारक उत्तर आमच्या कुटुंबांत आजवर कोणासही सांपडलेलें नाहीं.

बंधु निवर्तल्यावर गाडी कांहीं वर्षें पडून होती. मग पुतण्यानें ती एका कारखान्यांत देऊन तींत नव्या सुधारणा करविल्या. कार्बुरेटर जाऊन विजेच्या आज्ञेनें पेट्रोल फवारणारी यंत्रणा आली, टाकीवर विजेचा पंप आला, रेडिएटरपुढें दोन विजेचे पंखे आले, आणि या सर्वांस पुरेल असा शंभर ॲम्पिअरचा नवा आल्टर्नेटर आला. गाडी धांवूं लागली. परंतु गेल्या उन्हाळ्यांत आम्ही तिकडे गेलों तेव्हां तिच्या तबकड्या बेतालपणें बोलत होत्या. रात्रीं दिवे लावले कीं एंजिन तापल्याचें कांटा सांगे, दिवे मालवले कीं तें थंड होई! शिवाय अर्धा तास गाडी चालली कीं डॅशबोर्डामागून गरम लाखेसारखा वास येई. मागच्या बैठकीवर पुतण्याच्या दोन लहान मुली बसावयाच्या होत्या. तेव्हां हें काम आम्हीं दोघांनीं हातीं घेतलें.

वासाचें कारण समजण्यासाठीं त्या काळच्या रचनेविषयीं थोडें सांगणें प्राप्त आहे. आल्टर्नेटरपासून निघालेली जाड तार एंजिन व बैठक यांमधील पत्र्याच्या पडद्यांतून, एका लहानशा खटक्याच्या जोडानें, डॅशबोर्डामागें येते. तेथें ॲमीटर नांवाच्या प्रवाहमापकांतून जाते आणि त्याच पडद्यांतून परत फिरून बॅटरीस मिळते. म्हणजे स्टार्टरचा सोडून बॅटरींत जाणारा वा तींतून निघणारा सर्व प्रवाह त्या रुपयाएवढ्या यंत्राच्या दोन खिळ्यांमधून वाहतो. गाडीवर दोन दिवे, एक भोंगा व एक रेडिओ एवढाच भार होता तोंवर ही रचना सरळ आणि शहाणपणाची होती. बॅटरी भरते आहे कीं रिती होते आहे हें चालकास तत्काळ कळे. परंतु आमच्या गाडीवर सुधारणा करणाऱ्यांनीं पंखे, पंप वगैरे सर्व नवा भार थेट बॅटरीच्या खुंटीस जोडला होता. आल्टर्नेटरला त्यांस वीज पुरवावयाची तर ती ॲमीटरमधूनच पुरविणें भाग! त्यामुळें बॅटरी काठोकाठ भरली असली तरी कांटा सदैव ‘भरते आहे’ याच बाजूस वांकलेला. आणि जोडावर दुप्पट प्रवाह.

प्रवाह दुप्पट झाला कीं उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. जुन्या, गंजलेल्या जोडाचा विरोध ओहमचा शंभरावा भाग धरला, तर चाळीस ॲम्पिअरला तेथें १६ वॅट उष्णता निर्माण होईल व ऐशीला ६४ वॅट. घरांत डाख देण्याची जी विजेची सळई असते ती २५ ते ४० वॅटची असते. तेव्हां आमच्या पुतण्याच्या डॅशबोर्डामागें, नखाएवढ्या पितळेच्या पट्टीवर, दीड-दोन डाख देण्याच्या सळया रोज तापत होत्या असें म्हणण्यास हरकत नाहीं. पडद्यांतील जोड उघडून पाहिला तेव्हां त्याचा एक कोपरा मेणासारखा वितळलेला होता.

उपाय सर्वांस ठाऊक आहे व आम्हीं तोच सुचविला. ॲमीटरला रजा द्यावी, मुख्य प्रवाह बाहेरच्या बाहेर बॅटरीकडे न्यावा, आणि आंत व्होल्टमीटर बसवावा. यांतून प्रवाह नगण्य जातो; तार केसाएवढी चालते. परंतु येथें आमच्या वहिनी आड आल्या.

“भावजी, बाकी काय करायचें तें करा,” त्या म्हणाल्या, “पण तो कांटा काढूं नका. वळायचा दिवा लावला कीं तो मान हलवायचा. ह्यांना गाडी चालवतांना बोललेलें खपायचें नाहीं. मी आपली त्या कांट्याकडे बघत बसायची.”

आतां या बोलण्यापुढें विद्युच्छास्त्र काय करणार? पुतण्या म्हणाला, “काका, ॲमीटर तसाच ठेवूं, नुसत्या तारा काढून घेऊं. आईला कळणार नाहीं.” आम्हीं त्यास स्पष्ट नकार दिला. तारा काढलेला ॲमीटर मधोमध उभा राहतो, आणि त्या यंत्राच्या भाषेंत ‘मधोमध’ याचा अर्थ ‘सर्व कुशल आहे’ असा आहे. आग लागली तरी कुशल सांगणारें यंत्र घरांत नसलेलें बरें. शिवाय वहिनींस कळणार नाहीं हें म्हणणें चुलत्यापुढें शोभणारें नव्हतें, हें निराळेंच.

दोन दिवस काम तसेंच राहिलें. तिसऱ्या दिवशीं डॅशबोर्डाचा सगळा सांठा बाहेर काढला, आणि तारांच्या जुन्या जुडग्यांत आम्हांस कापडी पट्टीच्या चिठ्ठ्या बांधलेल्या दिसल्या. बंधूंचें मोत्यासारखें देवनागरी अक्षर! ‘भोंगा’, ‘घड्याळ’, ‘मागील दिवा, डावा’. कारखान्यांतील मनुष्यांस ती लिपि कळण्याचें कारण नव्हतें; त्यांनीं चिठ्ठ्या काढल्या नाहींत एवढेंच त्यांचें उपकार. एका जाड तांबड्या तारेवर चिठ्ठी होती, ‘तात्पुरतें, १९८१’. तार ॲमीटरच्या एका खिळ्यापासून निघून दुसऱ्या खिळ्याकडे जात होती, परंतु तिचें दुसरें टोंक कापलेलें होतें. मूळच्या नकाशांत नसलेली तार म्हणून ती सुधारणेच्या वेळीं कोणीतरी निकामी ठरविली असावी. वास्तविक ती बंधूंनीं काढलेली पळवाट होती: बहुतेक प्रवाह त्या तारेनें बाजूनें निघून जावा व ॲमीटरच्या वांट्यास थोडासाच यावा.

आम्हीं ती तार वहिनींस दाखविली. त्यांनीं चिठ्ठी हातांत घेऊन बराच वेळ पाहिली. मग म्हणाल्या, “हा झाला त्या वर्षीं कांटा हलायचा कमी झाला होता. मी विचारलें, तर म्हणाले, म्हातारा झाला तो.” ‘हा’ म्हणजे आमचा पुतण्या, तो १९८१ सालचा. तो तेथेंच पक्कड घेऊन उभा होता. बोलला कांहीं नाहीं. थोड्या वेळानें वहिनी म्हणाल्या, “करा तुम्हांला करायचें तें. कांटा मात्र हलूं द्या.”

हें मात्र आम्हांस साधतां आलें. जुन्या तबकडींतील ॲमीटरचें यंत्र काढून त्याच जागीं, त्याच कांट्यासह, व्होल्टमीटरचें यंत्र बसवून देणारे कारागीर तिकडे आहेत. पुतण्याचें म्हणणें, तबकडीवरील ‘डी’ व ‘सी’ हीं जुनीं अक्षरेंही तशींच असावींत. आम्हांस तें पटेना. व्होल्ट मोजणाऱ्या यंत्रानें व्होल्टच सांगावे. शेवटीं जुन्याच घाटाच्या पांढऱ्या आंकड्यांची नवी तबकडी करविली. एंजिन बंद असतां १२·६ च्या आसपास कांटा असला म्हणजे बॅटरी भरलेली. चालू असतां १३·८ ते १४·४ म्हणजे आल्टर्नेटर ठीक. पंधराच्या पलीकडे गेला तर बॅटरी उकळूं लागली असें समजावें. एवढें पाठ केलें कीं ॲमीटरची उणीव भासत नाहीं.

मुख्य प्रवाहासाठीं आल्टर्नेटरपासून बॅटरीपर्यंत नवी जाड तार बाहेरूनच नेली. अमेरिकन तारांचे क्रमांक उफराटे असतात. क्रमांक वाढला कीं तार बारीक होते आणि तीन क्रमांकांनीं तिचें क्षेत्र निम्मे होतें. तिच्या टोंकाशीं वितळता दुवा घालतात, तो मूळ तारेपेक्षां चार क्रमांकांनीं बारीक. म्हणजे संकट आलेंच तर हा बळी जावा व घर वांचावें. तारांचे जोड डाख देऊन करावेत कीं दाबून, या विषयावर तिकडे वैष्णव-शैवांइतका वाद आहे. आमचें मत दाबण्याच्या बाजूचें. डाख जेथें संपतो तेथें तार ताठ होते आणि गाडीच्या थरथरीनें नेमकी तेथेंच तुटते. मात्र दाबण्याचें हत्यार चांगलें पाहिजे. साध्या पकडीनें दाबलेला जोड हा जोडच नव्हे.

दिव्यांबरोबर एंजिन ‘तापण्याचा’ चमत्कार अर्थिंगचा निघाला. डॅशबोर्डास नवा रंग देतांना तबकड्यांच्या सांगाड्याखालीं रंगाचा थर बसला होता. वीज परत जाण्यास वाट न मिळाल्यानें दिव्यांचा प्रवाह शेजारच्या मापकांतून वाट काढी. सांगाड्यापासून बॅटरीच्या ऋण टोंकापर्यंत एक स्वतंत्र तार दिली, आणि ज्वर उतरला.

पुतण्याच्या हौसेखातर डॅशबोर्डाखालीं दोन जास्त मापकें बसविलीं. एक तेलाच्या दाबाचें व एक एंजिनच्या फेऱ्यांचें. दाबाच्या मापकांत दोन जाती आहेत. एकींत बारीक नळीनें एंजिनचें कढत तेल प्रत्यक्ष चालकाच्या गुडघ्यापाशीं आणतात. तें अचूक असतें खरें, पण नळी फुटली तर पायांस अभ्यंग घडतें. आम्हीं विजेचें घेतलें. फेऱ्यांच्या मापकामागें चार, सहा व आठ सिलिंडरांची खूण असते, ती पाहूनच बसवावें. आठ सिलिंडरांचें एंजिन दर फेऱ्यास चार ठिणग्या देतें. खूण सहावर राहिली तर तीन हजार फेऱ्यांचे चार हजार दिसतात आणि तरुण चालकास उगाच पराक्रम केल्याचा भास होतो.

पेट्रोलचें मापक मात्र जुनेंच ठेवलें. हौशी लोक तें बदलतात आणि फसतात. या गाडीच्या टाकींतील तरंगता गोळा टाकी रिती असतां सुमारें ७३ ओहम व भरली असतां १० ओहम विरोध दाखवितो. जनरल मोटर्सच्या गाड्यांत रितीस शून्य व भरलीस ९०. एकाचें मापक दुसऱ्याच्या टाकीस लावलें कीं पेट्रोल संपत आलें असतां कांटा ‘भरली’ म्हणतो. आमच्या संसारी वाचकांस असे कांटे घरोघर आढळतील. जुन्या मापकांस पांच व्होल्टांच्या आसपास वीज पुरविणारी द्विधातूची पट्टी, जी तापून उघडते व निवून मिटते, ती तेवढी काढून तिच्या जागीं नवा स्थिर नियामक घातला. कारण ती पट्टी मिटलेलीच राहिली तर बारा व्होल्ट थेट मापकांत शिरतात व तीं जळतात.

ऑगस्टांत वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांची यात्रा भरते. १९९५ पासूनची ही प्रथा आहे. त्याआधीं आठवडाभर संध्याकाळीं गाडी बाहेर काढून पाहिली. वास नाहीं, जोड हातास गार. चौकांत थांबल्यावर वहिनींनीं पुतण्यास वळण्याचा दिवा लावावयास सांगितलें. एंजिन मंद असल्यानें प्रत्येक लुकलुकीबरोबर व्होल्टमीटरचा कांटा किंचित् खालीं येऊन वर जाई. पूर्वीं याहून अधिक हलत असे, असें त्या म्हणाल्या. पण तो थोरला हेलकावा १९८१ च्या अगोदरचा होता कीं काय, हें आम्हीं विचारलें नाहीं. कापलेली तांबडी तार चिठ्ठीसकट पुतण्यानें हत्यारांच्या पेटींत ठेवली आहे. नव्या तारांवर त्याच्या मुलींनीं चिठ्ठ्या बांधल्या. थोरलीला देवनागरी लिहितां येतें. ‘पंखा’ बरोबर लिहिला आहे, ‘भोंगा’वरचा अनुस्वार राहिला आहे.