पाठमोरी

अशोका गार्डन हे नाव ऐकून कोणाच्या डोळ्यांपुढे उपवन उभे राहिले, तर त्याची निराशा होईल. भोपाळच्या रेल्वे स्थानकापासून जवळच असलेली ती एक दाट वस्ती आहे. वकिलीच्या निमित्ताने मी तेथे स्थायिक झालो. आमचे मूळ घर फोंड्याचे, कुलदेव श्रीमंगेश. परंतु भोपाळात जन्मलेल्या माझ्या मुलीला ठाऊक असलेले मोठे पाणी म्हणजे तेथला बडा तलाव. अकराव्या शतकात परमार राजा भोजाने तो बांधविला, असे मानतात. तलाव विशाल खरा, पण त्याला पैलतीर आहे. आणि पाण्याला पैलतीर असायचाच, अशी तिची समजूत होती.

गेल्या मार्गशीर्षात गोवा एक्स्प्रेसने आम्ही घरी गेलो. मंगेशीस जाऊन आलो, आणि दुसऱ्या सायंकाळी मिरामारच्या वाळूवर, मांडवी अरबी समुद्रास मिळते तेथे, तिने आयुष्यातला पहिला समुद्र पाहिला. वय वर्षे चार. "बाबा, याचा दुसरा काठ कुठे आहे?" एवढेच तिने विचारले, व उत्तराची वाट न पाहता ती पाण्याकडे वळली.

मी छायाचित्र घेण्याच्या खटपटीला लागलो. पश्चिम किनाऱ्यावर सायंकाळी ही एक अडचणच असते. समुद्र चित्रात यावा म्हटले तर सूर्य समोर येतो आणि माणसाचा चेहरा काळवंडतो. चेहऱ्यावर उजेड हवा तर आपणच पाण्यात उतरून समुद्राकडे पाठ करावी लागते, आणि मग चित्रात येतात ती मागची झाडे. मधला मार्ग म्हणून मी वाळूत गुडघे टेकून तिच्या उंचीवर आलो आणि हाक मारली, "बाय, हांगा पळय!" ती वळली नाही. "थांबा ना, मी बघते आहे," असे म्हणाली. सात छायाचित्रे निघाली, सातही पाठमोरी.

त्या रात्रीच आमच्या कुळाच्या व्हॉट्सॲप गटात मागणी सुरू झाली: चेहरा दिसेल असे एखादे टाका. मागणी प्रेमाचीच होती. इतर जण आपापल्या मुलांची चित्रे तेथे घालतात, त्यांना मी नावे ठेवीत नाही. परंतु न्यायालयात दाखल केलेला मूळ कागदसुद्धा पुढे अर्ज करून परत मिळवता येतो. गटात गेलेले चित्र कोणाकडे अर्ज करून परत मागावे? वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानतो, तिची माहिती हाताळण्यापूर्वी पालकाची संमती सांगतो, आणि घरगुती कारणासाठी केलेला वापर मात्र आपल्या कक्षेबाहेर ठेवतो. म्हणजे परक्यापासून मुलीचे रक्षण करायचे ते बापाने. बापापासून कोणी करायचे, यावर कायदा मौन पाळतो.

आपल्या देवस्थानांच्या मंडळींना अज्ञान व्यक्तीचा हा प्रश्न नवा वाटू नये. हिंदू कायद्यात देवमूर्ती ही विधिमान्य व्यक्ती असते, आणि तिचा कारभार अज्ञान बालकाच्या कारभारासारखा दुसऱ्याने पाहायचा असतो. कलकत्त्याच्या मलिक घराण्यात पूजेची पाळी आलेल्याने कुलमूर्ती स्वतःच्या घरी हलवावी की नाही, असा तंटा झाला होता. १९२५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की मूर्ती ही नुसती जंगम वस्तू नव्हे. तिने कोठे असावे याविषयी तिची इच्छा मानली पाहिजे, आणि ती मांडण्यासाठी निःस्वार्थ वादमित्र नेमावा. हा निवाडा मला फार आवडतो. न बोलणाऱ्या देवाची इच्छा विचारायची, तर बोलणाऱ्या मुलीची का विचारू नये? अडचण एवढीच की बाप हा निःस्वार्थ वादमित्र नसतो. मुलीचे कौतुक झाले की थोडे त्याचेही होते.

म्हणून सातही चित्रे मी तिच्यापुढे ठेवली. तिने न्यायाधीशाच्या गांभीर्याने ती पाहिली आणि एकावर बोट ठेवले. "हे आजीला. बाकीची माझी." गटाला मी तसे कळवले. एक काका रुसले. अजून बोलत नाहीत.

भोपाळास परतल्यावर ते एक चित्र कागदावर छापून आईला टपालाने धाडले. देवघराच्या बाजूच्या भिंतीवर लावण्यासाठी तिला नातीचे चित्र हवेच होते. आठवड्याने तिचा फोन आला.

"मुखामळ खंय रे?"

"दर्याकडेन," मी म्हटले.

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "फाट मात आज्याचीच."