दिसत नाही म्हणजे बिघडले असे नव्हे

घरात संगणक आला की इंटरनेटही आपोआप येते, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. कचेऱ्यांतून निघालेले जुने डेस्कटॉप परवडतात म्हणून आपण घेतो. पण कचेरीत ते तारेने जोडलेले असतात, म्हणून अनेकांत वायरलेस कार्ड मुळातच नसते.

आमचीही तीच गत. म्हणून आम्ही यूएसबीला लावायचा लहानसा वाय-फाय अडॅप्टर आणला. संगणक त्याला ओळखीना. मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला चारच दिवस उरलेले. दुरुस्तीवाल्याने डबा न उघडताच "मदरबोर्ड बदला" म्हटले आणि सांगितलेला आकडा आमच्या महिन्याच्या किराण्याएवढा. मुलगी म्हणाली, "पप्पा, आधी आपण बघू की."

आम्ही बापलेकी बसलो. अडॅप्टर पुढून काढून कॅबिनेटच्या मागे लावला. पुढचे पोर्ट आतल्या वायरने जोडलेले असतात, ती सैल असू शकते. मागचे थेट मदरबोर्डवर असतात. तरी वाय-फाय दिसेना. डिव्हाइस मॅनेजर उघडला, तर 'नेटवर्क अडॅप्टर्स'खाली वायरलेसचे नाव नाही. पण एक नवीनच सीडी ड्राइव्ह उगवलेला! काही अडॅप्टर आधी सीडीचे सोंग घेतात. त्या सीडीत ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला यंत्राची ओळख करून देणारा प्रोग्राम असतो. त्यातला सेटअप चालवताच सोंग उतरले आणि वाय-फाय दिसू लागले.

प्रत्येक घरी असेच घडेल असे नाही. 'अदर डिव्हाइसेस'खाली पिवळे चिन्ह दिसले, तर यंत्र पोचले आहे, बहुधा ड्रायव्हरच नाही असे समजावे. ड्रायव्हर आणायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटला ड्रायव्हर! हा पेच मोबाइल सोडवतो. तो केबलने जोडून 'यूएसबी टेदरिंग' सुरू करावे. केबल नुसती चार्जिंगची नसावी. ड्रायव्हर मूळ कंपनीकडचाच घ्यावा. कोठेच काही दिसले नाही, तर अडॅप्टर दुसऱ्या संगणकाला लावून पाहावा. तेथेही तो गप्प राहिला, तर दोष बहुतेक त्याचाच. दुकानातून बदलून घ्यावा.

आमचा अर्ज मुदतीत गेला. कारागिराला पैसे द्यायला आमची ना नाही. घामाचे मोल आपण जाणतो. पण पैसे कशाचे देतो आहोत, हे विचारायचा हक्क सोडू नये. आणि मुलांनी "आधी बघू" म्हटले, तर त्यांना बघू द्यावे.