लेथ, एरंड आणि महासंहारक शस्त्रांचा कायदा

आंतरराष्ट्रीय करार राष्ट्रांना बांधतो, माणसांना नाही. रासायनिक शस्त्रांवर बंदी घालणाऱ्या करारावर जानेवारी १९९३ मध्ये पॅरिसला सह्या झाल्या. सही करणाऱ्यांत जपान होता. तरी जून १९९४ मध्ये मात्सुमोतो शहरात आणि २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत ओम शिनरिक्यो या पंथाने सारिन वायू सोडला. पंथाने कुठल्याच करारावर सही केलेली नव्हती. सारिन बनवणे आणि बाळगणे हाच गुन्हा ठरवणारा खास कायदा जपानच्या संसदेने केला तो टोकियोत माणसे मेल्यावर, एप्रिल १९९५ मध्ये.

करार आणि माणूस यांच्यामधली ही फट देशाच्या स्वतःच्या कायद्यानेच बुजते. ती किती रुंद आहे हे जगाला पुरते कळले २००३ च्या ऑक्टोबरमध्ये. लिबियाकडे निघालेले ‘बीबीसी चायना’ नावाचे जहाज इटलीच्या बंदरात वळवण्यात आले आणि त्यात युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजचे सुटे भाग सापडले. भाग बनले होते मलेशियात, आले होते दुबईमार्गे आणि व्यवहाराची सूत्रे होती पाकिस्तानी शास्त्रज्ञ अब्दुल कादिर खान यांच्या जाळ्याकडे. अशा मालाच्या निर्यातीवर नजर ठेवणारा सर्वंकष कायदाच मलेशियात तेव्हा नव्हता. तो २०१० साली आला. खान यांनी ४ फेब्रुवारी २००४ रोजी दूरचित्रवाणीवर कबुली दिली, आणि २८ एप्रिलला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १५४० क्रमांकाचा ठराव एकमताने संमत केला. अण्वस्त्रे, रासायनिक आणि जैविक शस्त्रे व ती डागण्याची साधने बिगर-सरकारी हातांत जाऊ नयेत यासाठी प्रत्येक देशाने स्वतःचे कायदे करावेत आणि अमलात आणावेत, असे त्याने बजावले. ठराव सनदेच्या सातव्या प्रकरणाखालचा, म्हणजे सर्वांवर बंधनकारक. पंधरा सदस्यांच्या परिषदेने साऱ्या जगाच्या संसदांना कायदे करायला सांगावे, हे अनेक देशांना रुचले नाही. भारतानेही नाराजी बोलून दाखवली होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती. पुढच्या वर्षी भारताने कायदा मात्र केला.

भारताचा या विषयाशी संबंध बराच जुना आहे, पण तो बराच काळ बाजूच्या बाकावर बसून नव्हे, तर आरोपीच्या पिंजऱ्यातून आलेला आहे. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अणुपुरवठादार देशांचा गट जन्माला आला. १९७८ साली अमेरिकेने स्वतःचा अण्वस्त्रप्रसारबंदी कायदा केला आणि सर्व अणुप्रकल्प तपासणीखाली न आणणाऱ्या देशाला इंधन द्यायचे नाही असे ठरवले. त्याचा फटका बसला तो पालघरच्या किनाऱ्यावरील तारापूरला. १९६३ च्या कराराने अमेरिका या केंद्राला समृद्ध युरेनियम पुरवायला बांधलेली होती. पण नंतर झालेला देशांतर्गत कायदा आधीच्या कराराला भारी पडला. शेवटी इंधनाची जबाबदारी फ्रान्सने उचलली. पुढे १९९२ साली रशियाकडून क्रायोजेनिक इंजिने घेण्याच्या व्यवहारावरून इस्रोवर दोन वर्षांचे अमेरिकी निर्बंध आले. एका देशाच्या संसदेत लिहिलेले कलम दुसऱ्या देशातली अणुभट्टी किंवा अग्निबाणाचे काम कसे अडवू शकते, याचे हे दोन धडे.

तिसरा धडा आपल्याच बंदरात मिळाला. जून १९९९ मध्ये, कारगिलचे युद्ध चालू असताना, उत्तर कोरियाचे ‘कू वोल सान’ हे साखर घेऊन आलेले जहाज गुजरातच्या कांडला बंदरात लागले. कागदावर पाणी शुद्ध करण्याची यंत्रे असलेल्या खोक्यांतून क्षेपणास्त्राचे भाग निघाले. महासंहारक शस्त्रांच्या वाहतुकीसाठी खास असा कायदा तेव्हा हाताशी नव्हता; कस्टमच्या अधिकाऱ्यांना नेहमीच्या सीमाशुल्क कायद्यावरच भागवावे लागले.

‘महासंहारक शस्त्रे व त्यांची प्रक्षेपण साधने (बेकायदा कृत्ये प्रतिबंध) अधिनियम’ जून २००५ मध्ये अस्तित्वात आला. नावातला ‘बेकायदा’ हा शब्द मुद्दाम वाचायला हवा. भारत अण्वस्त्रधारी राष्ट्र आहे, असे कायद्याच्या उद्देशिकेतच म्हटले आहे. त्यामुळे बंदी शस्त्रावर सरसकट नाही, तर अधिकार नसताना ते बनवणे, मिळवणे, बाळगणे, नेणे यांवर आहे. अशा गुन्ह्याला किमान पाच वर्षे आणि कमाल जन्मठेप. कायद्याचा हातही लांब आहे: परदेशात राहणारा भारतीय नागरिक, भारतात नोंदलेले जहाज वा विमान, भारतीय कंपनीची परदेशातील शाखा, हे सारे त्याच्या कक्षेत येतात. माल भारताच्या भूमीला न लागता एका परदेशातून दुसऱ्या परदेशात गेला, पण मधली दलाली भारतात बसलेल्याने केली, तरी तो सुटत नाही. खान यांचे जाळे दलालांवरच चालत होते, म्हणून हे कलम मोलाचे.

या सगळ्याचा कणा मात्र ‘जाणीव’ या एका शब्दात आहे. एखादा माल, यंत्र किंवा तंत्रज्ञान महासंहारक शस्त्रासाठी वापरले जाणार आहे हे माहीत असून ते निर्यात केले, तर गुन्हा. माल कुठल्या यादीत आहे की नाही, हा प्रश्न इथे गौण ठरतो. हे आवश्यकच आहे, कारण बॉम्ब म्हणून बाजारात काहीच विकले जात नाही. बॉलपेनच्या शाईत वापरले जाणारे थायोडायग्लायकॉल मस्टर्ड वायूचे पूर्वद्रव्य असते. मूतखडा फोडणाऱ्या यंत्रातला ‘ट्रिगर्ड स्पार्क गॅप’ हा विजेचा स्विच अणुबॉम्बचा स्फोट घडवायलाही चालतो. २००३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील एका व्यापाऱ्यामार्फत पाकिस्तानसाठी अमेरिकेकडून असे २०० स्विच मागवले गेले, आणि संशय आला तो नेमका आकड्यामुळे. रुग्णालयाला सुटे भाग म्हणून चार-सहा पुरतात. शेकड्यांनी मूतखडे फोडायला कोणी बसत नाही.

आपल्याकडचा एरंड तर याहून बोलका आहे. जगात सर्वाधिक एरंड भारतात, त्यातही गुजरातेत पिकतो. त्याच्या बियांतले रिसिन हे विष रासायनिक शस्त्र कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात आहे; सारिन त्याच परिशिष्टात. आजीच्या एरंडेलाच्या बाटलीची अर्थातच कायद्याला फिकीर नाही, कारण विष तेलात उतरत नाही, पेंडीत राहते. पेंडीतून ते वेगळे काढायला घेतले की मामला बदलतो. हा करार देशात लागू करणारा २००० सालचा कायदा १ जुलै २००५ पासून अमलात आला. भारताने १९९७ मध्ये आपल्याकडचा रासायनिक शस्त्रसाठा जाहीर केला होता आणि २००९ पर्यंत तो नष्टही केला. आता कराराच्या तपासणीसांचा रोख साठ्यांपेक्षा खासगी रसायन कारखान्यांकडे अधिक असतो.

प्रत्येकाची जाणीव तपासत बसणे शक्य नसल्याने रोजचा कारभार यादीवर चालतो. ‘स्कोमेट’ ही ती यादी: विशेष रसायने, जीवाणू-विषाणू, साहित्य, उपकरणे आणि तंत्रज्ञान. विदेश व्यापार कायद्याखाली ती प्रसिद्ध होते, २०१० च्या दुरुस्तीने तिला स्वतंत्र प्रकरणाचे बळ मिळाले. अणुवस्तूंचा परवाना अणुऊर्जा विभाग देतो, युद्धसामग्रीचा संरक्षण उत्पादन विभाग, उरलेल्याचा विदेश व्यापार महासंचालनालय, तेही वेगवेगळ्या मंत्रालयांच्या समितीने पाहिल्यावर. निर्यातदाराला अंतिम ग्राहक कोण आणि माल कशाला, याचे प्रमाणपत्र जोडावे लागते. २०१६ मध्ये क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण गट, २०१७ मध्ये वासेनार व्यवस्था आणि जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया गट, अशा निर्यात-नियंत्रण गटांत भारताला प्रवेश मिळाला, तेव्हा स्कोमेट यादी त्यांच्या याद्यांशी जुळवून घेतलेली होती. अणुपुरवठादार गटाचे दार अजून बंद आहे.

यादीची खरी परीक्षा होते ती बंदरावर. २३ जानेवारी २०२४ रोजी न्हावाशेवा बंदरात चीनहून कराचीला निघालेल्या जहाजातील माल कस्टमने अडवला. आत इटालियन बनावटीचे सीएनसी, म्हणजे संगणक-नियंत्रित, यंत्र होते. अशा यंत्रावर मोटारीचे भाग कापता येतात तसे क्षेपणास्त्राचेही. संरक्षण संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांनी ते तपासले आणि माल जप्त झाला. पाकिस्तानने तो साधा व्यापारी लेथ असल्याचे सांगितले. बाहेरच्या वाचकाला यात कोण खरे हे ठरवता येणार नाही. कायद्याची अडचणही तीच: लेथ लेथच असतो, हेतू तेवढा कागदपत्रांत, ग्राहकाच्या नावात, आधीच्या व्यवहारांत शोधावा लागतो. अडवणे त्या मानाने सोपे आहे, न्यायालयात जाणीव सिद्ध करणे फार अवघड.

दरवेळी महासंहारक शस्त्रांचाच कायदा लागतो असेही नाही. मे २०२१ मध्ये महाराष्ट्र एटीएसने सुमारे सात किलो युरेनियम बाळगणाऱ्या दोघांना पकडले. भाभा अणुसंशोधन केंद्राने ते नैसर्गिक युरेनियम असल्याचा निर्वाळा दिला. नैसर्गिक युरेनियमात विखंडनक्षम समस्थानिक जेमतेम ०.७ टक्के असते, त्याचा बॉम्ब होत नाही. गुन्हा नोंदला गेला तो अणुऊर्जा कायद्याखाली, विनापरवाना बाळगल्याचा. बातम्यांतल्या मथळ्यांचा सूर मात्र निराळाच होता.

महासंहारक शस्त्रांच्या मूळ कायद्यात पैशाबद्दल काही नव्हते. माल विकणारा अडकत होता, त्याला पैसे पुरवणारा नाही. सुरक्षा परिषदेचे आर्थिक निर्बंध आणि आर्थिक कृती दलाच्या (एफएटीएफ) शिफारशी यांच्या रेट्याने २०२२ मध्ये दुरुस्ती झाली: लोकसभेत एप्रिलमध्ये, राज्यसभेत ऑगस्टमध्ये. कलम १२अ नुसार प्रतिबंधित कृत्यांना पैसा पुरवणे हाही गुन्हा झाला, आणि अशा व्यक्तींची खाती व मालमत्ता गोठवण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला.

सर्वांत निसटता भाग तंत्रज्ञानाचा. परदेशी पाठवलेला आराखडा, ईमेलने गेलेली संगणकाची फाइल, देशातच परदेशी नागरिकाला दिलेले प्रशिक्षण, हे सारे कायद्याच्या लेखी ‘हस्तांतर’ आहे. पण त्याला कंटेनर लागत नाही, शिपिंग बिल लागत नाही आणि ते कुठल्याच बंदरावरून जात नाही. तिथे कस्टमचा अधिकारी नसतो. असतो तो संशोधन संस्थेतला किंवा कंपनीतला एखादा जबाबदार माणूस, पाठवण्याआधी यादी उघडून पाहणारा.