तुमच्या गावाचा टॅग आहे का?

‘मी एक्सबीआरएलवर काम करते,’ असं सांगितलं की समोरचा आधी मोबाइलमध्ये डोकं घालतो. अहो, थांबा की! मामला सोपा आहे.

एक्स्टेन्सिबल बिझनेस रिपोर्टिंग लँग्वेज. म्हणजे काय, तर ताळेबंदातल्या प्रत्येक आकड्याला एक टॅग. आकडा कशाचा, कोणत्या वर्षाचा, रुपयांतला की डॉलरमधला. मग कॉम्प्युटर तो थेट वाचतो, पीडीएफमध्ये डोळे फोडणं बंद! अमेरिकेतल्या टॅकोमाच्या चार्ल्स हॉफमन या अकाउंटंटला १९९८मध्ये ही कल्पना सुचली. पुढे त्यातून एक्सबीआरएल इंटरनॅशनल ही जागतिक संस्था उभी राहिली.

पण टॅगचा अर्थ ठरवायचा कोणी? माझे बाबा जालन्याच्या मोंढ्यात एका आडतीवर मुनीम होते. त्यांच्या लाल वहीत शब्द एकच, ‘येणं’. मी सीए करताना तेच ‘संड्री डेटर्स’ होतं. २०११-१२पासून नवं शेड्यूल सहा आलं आणि ते झालं ‘ट्रेड रिसीव्हेबल्स’. पैसे तेच, नावं तीन!

म्हणूनच या संस्थेचं देशोदेशी स्वतंत्र ऑफिस लागतं. आपल्याकडे सीएंच्या संस्थेच्या, म्हणजे आयसीएआयच्या पुढाकाराने एक्सबीआरएल इंडिया सुरू झाली. रिझर्व्ह बँक, सेबी, शेअर बाजार, सगळे तिच्यात आहेत. कायदा आपला, शेड्यूल आपलं, मग टॅगची डिक्शनरी उसनी कशी चालेल?

२०११मध्ये कंपनी मंत्रालयाने पहिल्या टप्प्यात लिस्टेड कंपन्यांसोबत ५ कोटींचं भांडवल किंवा १०० कोटींची उलाढाल असलेल्यांनाही हे सक्तीचं केलं. म्हणजे विषय दलाल स्ट्रीटपुरता राहिला नाही. भंगार वितळवून सळया करणारी जालन्याची मोठी मिलही यात येऊ शकते. आणि या फायलिंगमध्ये कंपनीला स्वतःचा टॅग बनवता येत नाही. यादीत असेल तोच घ्यायचा. यादी करणाऱ्यांमध्ये मिलचं भंगार आणि बियाण्याचा सीझन कळणारं कोणीच नसेल, तर आपला आकडा सरळ ‘इतर’च्या डब्यात!

इथेच खरी गोम आहे. कोण दिवाळीनंतर देईल, कोण बुडवेल, हे बाबांना तोंडपाठ असायचं. मुंबईत बसून कर्जाची फाइल बघणाऱ्याला ही ओळख कुठून असणार? त्याच्यासमोर फक्त टॅग असतो. ‘इतर’ बघून तो काय विश्वास ठेवणार?

अर्थात, टॅग लावला म्हणून आकडा खरा होत नाही. ऑगस्ट २०२२मध्ये आयकर अधिकारी गाड्यांवर लग्नाची स्टिकर्स लावून, वऱ्हाडी बनून जालन्यात छापे घालायला आले होते. तपासणीची ती कामं माणसांनाच करावी लागतात. टॅगचं काम एवढंच, की आकडा सगळ्यांना एकाच अर्थाने वाचता यावा.

तेव्हा मित्रहो, टॅक्सॉनॉमीचा मसुदा सूचनांसाठी खुला झाला, की बोअर म्हणून बंद करू नका. आपल्या गावचा धंदा त्यात कुठे बसतो, तेवढं बघा. नसेल बसत, तर एक मेल टाका. फुकट असते!