मुदत मागितली, माफी मिळाली

ख्रिस्ती घरातल्या मुलाला नीट बोलता येऊ लागलं की त्याला पहिल्यांदा पाठ करून घेतात ती प्रभूची प्रार्थना. मीही तशीच शिकले, आईच्या मांडीवर बसून. तिच्यातला एक शब्द मात्र मला पुष्कळ वर्षांनी, शिक्षिका झाल्यावर दिसला. मत्तयाच्या शुभवर्तमानात क्षमेची मागणी करताना 'पाप' हा शब्द नाहीच. तिथे 'ऋण' आहे. लूकाने पाप म्हटलं आहे, मत्तयाने ऋण.

आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या माणसाला ऋण समजावून सांगावं लागत नाही. सोयाबीन आणि तूर पिकवणारा हा मुलूख. पाऊस दगा देतो, भाव पडतो आणि सातबाऱ्यावरचा बोजा तसाच राहतो. देवाची क्षमा समजून घ्यायला आम्हांला मोठ्या ग्रंथाची गरज पडू नये, कारण कर्ज, थकबाकी, माफी हे शब्द इथल्या पोरांनाही पाठ असतात.

येशूने सांगितलेला एक दाखला मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे. एका राजाने चाकरांचे हिशेब काढले. एकाकडे दहा हजार टॅलेंट येणं निघालं. मी गणिताची शिक्षिका नव्हते, तरी हा हिशेब वर्गातल्यासारखा करून पाहिला. एक टॅलेंट म्हणजे साधारण ६,००० दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी! वर्षाला ३०० दिवस काम मिळालं असं धरलं तरी फेडायला २ लाख वर्षं लागतील. आणि हा चाकर राजाच्या पाया पडून काय म्हणतो? थोडं थांबा, मी सगळं फेडतो.

त्याने मुदत मागितली. राजाने माफी दिली.

पुढची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. बाहेर पडताच त्याने १०० दिनार देणं असलेल्या सोबत्याची मानगूट धरली आणि त्याला कैदेत टाकलं. आपण त्याला कृतघ्न म्हणतो, आणि तो होताच. पण मला वाटतं, त्याला माफी मिळाल्याचं पटलंच नसावं. तो अजून मुदतीतच जगत होता. फेडायचं आहे, वसुली केली पाहिजे, एकेक पैसा गोळा केला पाहिजे, हेच त्याच्या डोक्यात. ज्याला आपलं कर्ज सुटल्याचं खरं वाटत नाही, तो दुसऱ्याचं कसं सोडणार?

आपणही देवाकडे बहुतेक वेळा कर्जाचं पुनर्गठनच मागतो. या वर्षी जमलं नाही, पुढच्या वर्षी नक्की चांगला वागेन. लूकाच्या पंधराव्या अध्यायातला उधळा मुलगासुद्धा घरी येताना हेच ठरवून आला होता, की मला मुलगा म्हणू नका, चाकर म्हणून ठेवा. आमच्या भाषेत सालदार म्हणून. बापाने ते शेवटचं वाक्य त्याला बोलूच दिलं नाही.

आमच्या मंडळीत एक वडीलधारे गृहस्थ होते. आम्ही सारे त्यांना भाऊ म्हणत असू. उपासनेला कधी चुकत नसत, पण प्रभुभोजनाचं ताट पुढे आलं की मान खाली घालून बसत. पंचवीस-तीस वर्षं मी हे पाहत होते. एकदा त्यांनीच सांगितलं. थोरल्या भावाशी वाटणी झाली आणि त्यानंतर दरवर्षी नांगरताना ते धुरा थोडा थोडा कोरत गेले. पाच-सहा तास जमीन आपल्याकडे ओढली. बोलणं बंद झालं, आणि तसाच तो भाऊ वारला.

"बाई, देवानं माफ केलं असन. पन ज्याचं खाल्लं तो त गेला. आता कोन्या तोंडानं ते भाकर घेऊ?"

याला चटकन उत्तर देण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. प्रश्न खरा होता. कारंज्याला आणि शिरपूरला जैन लोकांची मोठी तीर्थं आहेत. त्यांच्यात दरवर्षी एकमेकांची क्षमा मागायची रीत आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते. पण ज्याची मागायची तोच राहिला नाही तर?

डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजना जाहीर झाली. २ लाखांपर्यंतचं थकीत पीककर्ज माफ. २०२० मध्ये याद्या लागल्या. यादीत नाव आलं म्हणजे काम झालं असं नव्हतं. शेतकऱ्याने स्वतः केंद्रावर जायचं, समोर दिसणारा कर्जाचा आकडा आपलाच आहे हे मान्य करायचं आणि अंगठा लावून आधार प्रमाणीकरण करायचं. मग रक्कम त्याच्या कर्जखात्यात जमा. भाऊंनीही अंगठा लावला होता. तेव्हा मी त्यांना म्हटलं, "भाऊ, तिथं अंगठा लावला, मग इथं का नाही? आकडा कबूल आहे ना तुम्हांला? फेडणारा दुसरा आहे, तेवढं कबूल करायचं राहिलं."

ते जरा थांबून हसले. "म्हंजे मी आंगठाच नाई लावला म्हना!"

त्यांनी लगेच काही केलं नाही. पण दोन वर्षांनी, उन्हाळ्यात, मोजणी आणून त्यांनी धुरा पूर्वीच्या जागी नेला आणि जमीन पुतण्यांच्या ताब्यात दिली. त्या नाताळात भाकरीचं ताट आलं तेव्हा त्यांनी हात पुढे केला.

जमीन परत केली म्हणून क्षमा मिळाली, असं कोणी समजू नये. जक्कयाच्या घरी येशू आधी गेला, चौपट परत करायची गोष्ट जक्कयाने नंतर काढली. क्षमा आधी, परतफेड मागून. आणि ही परतफेड हप्ता म्हणून नसते, मोकळं झालेल्या माणसाच्या हातून ती आपोआप होते.

पंडिता रमाबाईंसारख्या विदुषीलाही हे समजायला वेळ लागला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात, की धर्म मिळाला होता, ख्रिस्त गवसायला त्यानंतर आठ वर्षं गेली. तोवर त्या चांगलं वागण्याची खटपट करत राहिल्या. जन्मोजन्मी फेऱ्या घालून पाप फेडत बसायला नको, क्षमा आताच आहे, आणि ती जात किंवा स्त्रीपुरुष पाहत नाही, हे उमजल्यावर झालेला आनंद त्या पानांत भरून आहे. दुष्काळातल्या मुलींसाठी केडगावला मुक्ती सदन त्यांनी उभारलं ते या नंतर.

'पेरावे तसे उगवते' हे आपण लहानपणापासून ऐकतो. पौलही गलतीकरांना तेच लिहितो, आणि ते खोटं नाही. भाऊंना क्षमा मिळाली म्हणून भावाशी न बोललेली वर्षं परत आली नाहीत. पीक पेरल्याप्रमाणेच आलं. बोजा तेवढा उतरला.

हा बोजा उतरतो तेव्हा तो कुणीतरी सोसलेला असतो. सरकारी माफीचा पैसा सगळ्यांच्या करातून येतो. दाखल्यातल्या राजाने मात्र स्वतःचीच तिजोरी रिकामी केली. आम्ही वधस्तंभाकडे पाहतो ते याच अर्थाने. सरकारी योजनेला २ लाखांची मर्यादा होती, हिला नाही.

असो. यादीत नाव आहे. अंगठा ज्याचा त्याने लावायचा.